मानसिक उपचार घेणाऱ्याचे हक्क वॉर्डच्या दारात संपत नाहीत

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

दरवर्षी १० ऑक्टोबरला जागतिक मानसिक आरोग्य दिन येतो, कॉलेजांत भाषणं होतात, पोस्टर स्पर्धा होतात, आपल्या पेपरातही डॉक्टरांचे लेख येतात की टेन्शन मनात ठेवू नका, बोला, मदत घ्या. चांगलंच आहे, पूर्वी एवढंही नव्हतं. पण माझा सवाल त्याच्या पुढचा आहे. माणूस मदत घ्यायला गेला, ॲडमिट झाला, गोळ्या सुरू झाल्या, मग तिथे त्याला कसं वागवणार, त्याचं मत कोण विचारणार, घरी कधी सोडणार, आणि काही चुकीचं घडलं तर त्याने जायचं कुणाकडे? यावर मी आपल्याकडे फारच कमी वाचलंय. म्हणून लिहितेय, पत्र थोडं लांबेल, सांभाळून घ्या.

मी गोव्यातल्या फोंडा तालुक्यातली. माझ्या धाकट्या भावाला स्किझोफ्रेनिया आहे, कॉलेजात असताना सुरू झाला, आता तो चाळिशी पार आहे. गोळ्या घेतो, एका दुकानात हिशेब लिहितो, काही वर्षं चांगली जातात आणि मधेच बिघडतं. हे पत्र लिहायच्या आधी मी त्याला विचारलं. तो म्हणाला, ताई लिही, पण माझं नाव नको आणि तुझंही नको, तुझं छापलं की माझं कळणारच. म्हणून नाव छापू नये ही विनंती. आजाराची माहिती त्याची आहे, ती गुप्त ठेवायचा हक्कही त्याचा आहे, आणि हे मी माझ्या मनाचं सांगत नाही, कायद्यात तसं लिहिलंय.

कायदा म्हणजे मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७. २९ मे २०१८ पासून तो लागू आहे. त्याआधी १९८७ चा होता, त्याच्याही आधी इंग्रजांचा १९१२ चा. त्या जुन्या कायद्यांचा सगळा भर माणसाला कुठे ठेवायचं आणि कुणाच्या ऑर्डरने ठेवायचं यावर होता. मग २००७ साली भारताने अपंग व्यक्तींच्या हक्कांचा संयुक्त राष्ट्रांचा करार मान्य केला, त्याला धरून कायदा बदलणं भाग होतं, आणि या नवीन कायद्यात पेशंटच्या हक्कांचं एक अख्खं प्रकरणच आलं. इतकी वर्षं झाली, पण आमच्या गावातल्या पंचाला विचारा, पोलीस स्टेशनवर विचारा, ज्यांच्या घरात पेशंट आहे त्यांनाही विचारा, बहुतेकांना असं काही आहे हेच माहीत नसतं. मलाही एका ओळखीच्या वकीलबाईंनी सांगितलं म्हणून कळलं, कुठल्या हॉस्पिटलात कुणी सांगितलं नाही.

सगळ्यात मोठी गोष्ट माझ्या मते ही, की कायदा असं धरून चालतो की मानसिक आजार असलेला माणूस स्वतःच्या उपचाराचं स्वतः ठरवू शकतो. त्याला दिलेली माहिती समजत असेल, किंवा घेतलेल्या निर्णयाचं काय होईल हे कळत असेल, किंवा आपलं म्हणणं बोलून, खुणेने, कसंही सांगता येत असेल, तर त्याचा निर्णय हा निर्णय. आणि तो निर्णय आपल्याला चुकीचा वाटला एवढ्यावरून त्याला अक्कल नाही असं म्हणता येत नाही, हेही स्पष्ट लिहिलंय. माहितीसुद्धा त्याला कळेल अशा सोप्या भाषेत द्यायची. आता प्रत्यक्षात काय होतं ते ज्यांनी ओपीडी बघितलीय त्यांना माहीत आहे. पेशंट खुर्चीवर बसलेला असतो आणि डॉक्टर त्याच्या डोक्यावरून मला विचारतात, झोपतो का, जेवतो का, त्रास देतो का. तो ऐकत असतो. इतकी वर्षं तो ऐकतच आलाय. एकदा एक नवीन डॉक्टरबाई होत्या, त्यांनी माझ्याकडे बघितलंच नाही, सरळ त्याला विचारलं की या गोळ्यांनी तुम्हाला काय त्रास होतो. तर हा म्हणाला, हात थरथरतो, दुकानात आकडे नीट लिहिता येत नाहीत, मालक काही बोलत नाही पण मला लाज वाटते. हे त्याने आम्हाला घरात कधी सांगितलं नव्हतं. डोस बदलला, थरथर कमी झाली, आणि गोळ्या चुकवणं बंद झालं, कारण तो गोळ्या का चुकवत होता हे तेव्हा कुठे आम्हाला कळलं. म्हणजे हक्क वगैरे राहू दे बाजूला, उपचार चांगला व्हायला हवा असेल तरी त्यालाच विचारावं लागतं.

यातूनच दोन कागद निघतात आणि ते प्रत्येक घरात असायला हवेत असं मला मनापासून वाटतं. पहिला कागद, आपला प्रतिनिधी कोण ते लिहून ठेवायचं. साध्या कोऱ्या कागदावर चालतं, सही किंवा अंगठा, बस. ज्याला नेमायचं तो १८ वर्षांवरचा हवा आणि त्याची लेखी तयारी हवी. तो नातेवाईकच असायला पाहिजे असं नाही, मित्र असला तरी चालतो, आणि मत बदललं तर पेशंट कधीही दुसरा नेमू शकतो. आजार वाढला, स्वतःचं स्वतः ठरवणं जमेना झालं की हा माणूस त्याच्या बाजूने उभा राहतो, डॉक्टरांशी बोलतो, डिस्चार्जच्या वेळी असतो, मंडळाकडे अर्ज करतो (मंडळ म्हणजे पेशंटच्या तक्रारी ऐकणारं मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळ, त्याबद्दल शेवटी सांगते). कागद केलेला नसेल तर जवळचा नातेवाईक, मग सांभाळणारी व्यक्ती, अशी क्रमवारी कायद्यातच आहे, पण काही घरांत सगळ्यात जवळचा नातेवाईक हाच त्रासाचं कारण असतो, हे कुणी उघड बोलत नाही म्हणून मी लिहितेय. दुसरा कागद म्हणजे आगाऊ सूचना. बरा असताना माणसाने लिहून ठेवायचं की उद्या माझी तब्येत बिघडली तर मला असे उपचार द्या, हे अमुक देऊ नका. त्याला ठरलेला फॉर्म आहे, दोन साक्षीदार लागतात, मंडळाकडे नोंद करायची. एकदम इमर्जन्सी असेल तर तेवढ्यापुरता तो लागू होत नाही, आणि डॉक्टरांना तो मान्य नसेल तर त्यांनी मंडळाकडे जायचं, परस्पर बाजूला टाकायचा नाही. माझ्या भावाने त्यात एक ओळ घातलीय की मला नेताना पोलिसांना बोलावू नका, आधी माझ्या बहिणीला फोन करा. ही ओळ वाचून मला त्या रात्री झोप लागली नाही.

आता ॲडमिशन. लोकांना वाटतं मानसिक हॉस्पिटलात एकदा गेला की घरच्यांनी आणि डॉक्टरांनी ठरवेपर्यंत आत. तसं नाहीये. स्वतःहून ॲडमिट झालेला माणूस स्वतःहून घरी जायला मागू शकतो, काळजीचं कारण असेल तर डॉक्टर तपासणीसाठी जास्तीत जास्त २४ तास थांबवू शकतात. संमतीशिवाय ठेवायचं असेल तर त्याला अटी आहेत, म्हणजे नुकताच स्वतःला इजा करायचा प्रयत्न केला किंवा तशी धमकी दिली, दुसऱ्याला मारहाण केली किंवा त्याची भीती घातली, किंवा स्वतःची काळजीच घेता येईना आणि त्यातून स्वतःला इजा व्हायचा धोका आहे. एक मानसोपचारतज्ज्ञ आणि आणखी एक तज्ज्ञ किंवा डॉक्टर, दोघांनी वेगवेगळं तपासायचं. तेही ३० दिवसांपर्यंत, त्यापुढे ठेवायचं तर मंडळाची परवानगी. आणि अशा ॲडमिशनची खबर मंडळाला द्यायची, बाई किंवा लहान मूल असेल तर ३ दिवसांत, बाकीच्यांची ७ दिवसांत. घरात भांडण झालं, सून नकोशी झाली, म्हातारा आता जड होतोय, ही कारणं त्यात कुठेच नाहीत. ॲडमिट करताना पेशंटला सांगायचंय की कुठल्या कलमाखाली तुला ठेवतोय, काय आजार, काय औषध, त्याचे साइड इफेक्ट काय, आणि हे मान्य नसेल तर दाद कुठे मागायची. हे सगळं त्याच्या भाषेत. आपल्याकडे ते मराठीत, कोकणीत सांगायला हवं, आणि बांधकामावर काम करायला लांबून आलेला मजूर असेल तर त्याची भाषा येणारा माणूस शोधायला हवा, नाहीतर तो बोलत नाही म्हणून आजार वाढलाय असं लिहून मोकळे.

वॉर्डात आतलं आयुष्य कसं असावं हेही लिहिलेलं आहे आणि ते वाचताना मला खरं सांगायचं तर रडू आलं, कारण इतक्या साध्या गोष्टी कायद्यात लिहायला लागल्या. स्वच्छ जागा. पोटभर चांगलं जेवण. आंघोळीला, कपडे बदलायला आडोसा. बायकांना सॅनिटरी पॅड. जबरदस्तीने डोकं भादरायचं नाही. स्वतःचे कपडे घालायचे असतील तर घालू द्यायचे. जबरदस्तीने काम करून घ्यायचं नाही, काम केलं तर त्याचे पैसे द्यायचे. फोन करू द्यायचा, भेटायला आलेल्यांना भेटू द्यायचं. आईवर उपचार चालू असतील आणि मूल तीन वर्षांच्या आतलं असेल तर शक्यतो त्यांना वेगळं करायचं नाही. स्वतःची केसपेपरची फाईल बघायची असेल तर बघू द्यायची. माझ्या भावाला एकदा गोव्याबाहेरच्या एका खासगी हॉस्पिटलात ठेवलं होतं, कुठलं ते मी सांगणार नाही, तिथे पहिल्यांदाच सांगितलं की आता काही दिवस भेटायचं नाही, फोन नाही, पेशंट सेटल होऊ दे. त्याचा शर्ट काढून घेतला आणि एक धुवट हिरवा गाऊन दिला ज्याची नाडी तुटलेली होती. आई दारात डबा घेऊन उभी, डबा घेतला पण तिला आत सोडलं नाही. आम्ही गप्प राहिलो कारण वाटलं हेच नियम असतील. नियम उलटे आहेत हे कळायला पुढची कितीतरी वर्षं गेली. आपला शर्ट अंगावर असणं ही छोटी गोष्ट वाटते ज्याच्या अंगावर तो आहे त्याला. घड्याळ, चप्पल, मोबाईल, शर्ट, सगळं काढून घेतल्यावर माणसाने आपण बरे होतोय हे कशावरून समजायचं?

काही गोष्टींवर सरळ बंदीच आहे. भूल आणि स्नायू सैल करणारं औषध न देता शॉक द्यायचा नाही. भूल देऊन दिलेला शॉक हा मान्यताप्राप्त उपचार आहे, काहींना त्याने खूप फरक पडतो, त्याची उगाच भीती नको, पण भूल न देता नाही आणि लहान मुलांना तर पालकांच्या संमतीबरोबर मंडळाची आधी परवानगी असल्याशिवाय नाही. एकट्याला कोंडून ठेवायचं नाही. बांधून ठेवणं हे फक्त त्या क्षणी त्याला किंवा दुसऱ्याला इजा होणार असेल आणि दुसरा काही उपाय उरला नसेल तेव्हाच, डॉक्टरांच्या परवानगीने, नोंद ठेवून, प्रतिनिधीला २४ तासांच्या आत कळवून. शिक्षा म्हणून नाही, स्टाफ कमी आहे म्हणूनही नाही. आणि साखळी तर कुणाला कुठल्याही प्रकारे नाही.

साखळीवरून तामिळनाडूतल्या एरवाडीची आठवण द्यायलाच हवी. ६ ऑगस्ट २००१ ला तिथल्या दर्ग्याच्या गावातल्या एका खासगी आश्रयगृहाला पहाटे आग लागली, आतले लोक साखळ्यांनी बांधलेले होते, पळता आलं नाही, २८ जण गेले. त्यानंतर देशभर ओरड झाली, सुप्रीम कोर्टाने लक्ष घातलं. तरी २०१९ मध्ये उत्तर प्रदेशातल्या बदायूंमध्ये लोकांना साखळीने बांधल्याचं प्रकरण पुन्हा सुप्रीम कोर्टासमोर आलंच. आपण म्हणू की गोव्यात असं नसतं. पण घराच्या मागच्या खोलीत, गोठ्याशेजारी, बाहेरून कडी लावून माणूस ठेवलेला मी स्वतः बघितलाय, त्या घरातले लोक वाईट नव्हते, थकलेले होते, आणि कुणाकडे जायचं हे त्यांना माहीत नव्हतं. आमच्याकडे आधी देवळात कौल घेतात, गाऱ्हाणं घालतात, आमच्या घरानेही घातलं आणि आईला त्याने धीर आला, त्याला माझा अजिबात विरोध नाही. गाऱ्हाणंही घाला आणि गोळीही द्या, पण कडी लावू नका. घरात कुणाला असं छळलं जातंय किंवा टाकून दिलंय असं पोलिसांच्या लक्षात आलं तर त्यांनी मॅजिस्ट्रेटला कळवायचं आहे, आणि शेजाऱ्यांनाही कळवता येतं.

पोलिसांचं निघालंच तर रस्त्यावर भटकणारा, आजारी दिसणारा माणूस सापडला तर त्याला सरकारी दवाखान्यात २४ तासांच्या आत न्यायचं, लॉकअपमध्ये किंवा जेलमध्ये ठेवायचं नाही, बेघर असेल तर हरवल्याची तक्रार नोंदवून घरचे शोधायचे, असं कायदा सांगतो. मडगाव स्टेशनवर, म्हापशाच्या बाजारात, किनाऱ्यांवर असे लोक आपण रोज बघतो. काही पोलीस खूप चांगलं काम करतात, मी बघितलंय, एका हवालदाराने आपल्या डब्यातलं खायला देऊन त्या माणसाला शांत केलं आणि मग गाडीत बसवलं. पण त्याच वेळी चार जण मोबाईलवर व्हिडिओ काढत होते आणि संध्याकाळी तो आमच्या गावच्या ग्रुपवर आला, चेहऱ्यासकट. उपचार चालू असलेल्या माणसाचा फोटो किंवा माहिती त्याच्या संमतीशिवाय मीडियाला द्यायची नाही असं कलम आहे, आणि संपादक महोदय, आपल्यालाही माझी हात जोडून विनंती आहे की बातमी देताना गाव, वाडा, वडिलांचं नाव असं सगळं देऊ नका, त्या घरातल्या मुलांना दुसऱ्या दिवशी शाळेत जायचं असतं.

आता जी गोष्ट मला सगळ्यात जास्त लागते ती. बरा झालेला माणूस घरी का जात नाही. जानेवारी २०२३ मध्ये राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने देशातल्या सरकारी मानसोपचार संस्थांना नोटिसा पाठवल्या, त्यात बरे झालेल्या लोकांना नंतरही वर्षानुवर्षं आतच ठेवलं जातं हा मोठा मुद्दा होता. कायदा म्हणतो की कुटुंब नाही, कुटुंब घ्यायला तयार नाही, घर नाही किंवा बाहेर सोय नाही, एवढ्या कारणाने कुणाला हॉस्पिटलात ठेवता येणार नाही. समाजात राहायचा त्याला हक्क आहे. घरच्यांनी टाकलं तर सरकारने त्याला मदत करायची, कायद्याची मदतही, घरात राहायचा हक्क मिळवून द्यायला. आणि ज्यांना खरंच घर नाही त्यांच्यासाठी हाफवे होम, ग्रुप होम अशा छोट्या जागा करायच्या, जिथे चार-सहा माणसं कुणाच्या तरी देखरेखीखाली स्वतःचं शिजवून, काम करून राहतील.

आपल्या गोव्यात याला आणखी एक बाजू आहे आणि ती म्हणजे घरजमीन. आपल्याकडे वारसा कायद्याने मुलांना आई-वडिलांच्या मालमत्तेतून पूर्ण डावलता येत नाही, मृत्युपत्र केलं तरी अर्धा हिस्सा मुलांचा राहतोच. लग्नाच्या वेळी वेगळा करार केलेला नसेल तर नवरा-बायकोची मालमत्ता अर्धी अर्धी. म्हणजे हॉस्पिटलात पडलेला भाऊ आणि माहेरी पाठवून दिलेली आजारी बायको, दोघंही त्या घराचे हिस्सेदार आहेत. पण इन्व्हेंटरीच्या, म्हणजे कोर्टात वारसांची वाटणी होते त्या वेळी काय होतं, बाकीची भावंडं म्हणतात त्याला काय कळतंय, त्याच्या सहीचं काय, तो तर तिकडे आहे. २०१७ च्या कायद्यात सरळ लिहिलंय की मानसिक आजाराचं निदान झालं म्हणून तो माणूस कायद्याने असमर्थ ठरत नाही, ते ठरवायचं कोर्टाने. जमिनीचे भाव जसे वाढलेत तसं काही घरांत आजारी माणसाला घरी न आणण्यामागे आजारापेक्षा जमिनीचंच कारण जास्त असतं, हे मी माझ्या आजूबाजूला बघून बोलतेय, कुणाला राग आला तरी चालेल. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून फुकट वकील मिळतो, पण वॉर्डात बसलेल्या माणसापर्यंत हे पोचवणार कोण? हॉस्पिटलातल्या सोशल वर्कर एकट्या किती फोन करणार, किती घरं फिरणार.

उपचार जवळ मिळणं हाही हक्कच आहे. काणकोण किंवा सत्तरीतून बांबोळीच्या सरकारी मानसोपचार हॉस्पिटलात यायचं म्हणजे अख्खा दिवस जातो, सोबतच्या माणसाचा रोज बुडतो, आणि बसमध्ये पेशंट बेचैन झाला तर लोक बघत राहतात ते वेगळंच. कायद्याप्रमाणे जिल्ह्यात सेवा मिळायला हवी, सरकारी ठिकाणी आवश्यक औषधं मोफत मिळायला हवीत, आणि जिल्ह्यात ती सेवाच नसेल तर दुसरीकडे घेतलेल्या उपचाराचा खर्च सरकारने द्यायचा. आरोग्य केंद्रात हे होऊ शकतं का? होऊ शकतं, आपल्याच गोव्यात करून दाखवलंय. संगाथ ही १९९६ साली इथे सुरू झालेली संस्था, त्यांनी आरोग्य केंद्रांत स्थानिक, डॉक्टर नसलेल्या लोकांना ट्रेनिंग देऊन समुपदेशक केलं, डॉक्टरांच्या जोडीला ते बसायचे, आणि नैराश्य आणि चिंतेच्या पेशंटना सरकारी केंद्रांत त्याचा चांगला फायदा झाला. २०१० मध्ये लॅन्सेट या जगातल्या मोठ्या वैद्यकीय साप्ताहिकात ते छापून आलं. जगभरचे लोक गोव्याचं उदाहरण देतात आणि आपल्या कितीतरी आरोग्य केंद्रांत आज मनाबद्दल बोलायला एक खुर्ची नाही. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात दिसलं होतं की वेगवेगळ्या आजारांत ७० ते ९२ टक्के लोकांना उपचारच मिळत नाहीत, त्यात गोवा नव्हता, पण आपण फार वेगळे असू असं मला वाटत नाही. फोनवर बोलायचं तर टेली-मानसचा १४४१६ नंबर आहे, ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे, तो तेवढा लक्षात ठेवा.

पणजीला जुन्या सचिवालयाच्या बाजूला आबे फारियाचा पुतळा आहे, पर्यटक फोटो काढतात. कांदोळीचा हा माणूस पॅरिसमध्ये जाऊन सांगत होता की संमोहनाची झोप संमोहन करणाऱ्याच्या हातात नसते, ज्याला झोप लागते त्याच्या स्वतःच्या मनात असते. दोनशे वर्षांपूर्वी आपल्या मातीतला माणूस पेशंटच्या मनाला एवढं महत्त्व देत होता, आणि गोव्याच्या जुन्या मानसोपचार हॉस्पिटलाला त्याचंच नाव होतं.

इन्शुरन्सचंही दोन ओळीत सांगते. शारीरिक आजारासारखंच मानसिक आजाराला कव्हर द्यायचं असं कायदा म्हणतो, विमा नियामकाने १६ ऑगस्ट २०१८ ला तसं परिपत्रकही काढलं. एजंट नाही म्हणाला तर त्याच्याकडून लेखी मागा. आणि जीव द्यायचा प्रयत्न केलेल्या माणसाला या कायद्याप्रमाणे तीव्र तणावाखाली होता असंच धरायचं, त्याच्यावर केस नाही, त्याची काळजी घेणं आणि पुन्हा तसं होऊ नये म्हणून मदत करणं हे सरकारचं काम. अजून घरचे पोलिसांच्या भीतीने अशा माणसाला हॉस्पिटलात नेत नाहीत किंवा पडला म्हणून सांगतात, कृपा करून तसं करू नका.

हे सगळं ज्याच्यामुळे चालायचं ते म्हणजे मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळ, वर ज्या मंडळाचा सारखा उल्लेख केला ते. त्याच्या अध्यक्षपदी जिल्हा न्यायाधीश दर्जाची व्यक्ती असते, जिल्हाधिकाऱ्यांचा प्रतिनिधी, दोन डॉक्टर, आणि दोन सदस्य असे जे स्वतः आजारातून गेलेत किंवा पेशंटला सांभाळतात किंवा संस्थेत काम करतात. मंडळ हॉस्पिटलांना भेट देऊ शकतं, जेललाही. मनाविरुद्ध ॲडमिट केलंय अशी तक्रार असेल तर ७ दिवसांत निकाल द्यायचा. मंडळाचा निर्णय पटला नाही तर हायकोर्टात जाता येतं. कायदा मोडला तर पहिल्या वेळी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. कागदावर इतकं चांगलं आहे. पण ज्याला तक्रार करायची तो कुलूप लावलेल्या दारामागे आहे, त्याच्याकडे पेन नाही, फोन नाही, पत्ता नाही, आणि तो काही बोलला तर आजारामुळे बोलतोय असं म्हणायला सगळे तयार.

म्हणून माझी सरकारकडे मागणी फार मोठी नाही. गोव्यात सरकारी असो की खासगी, जिथे जिथे मानसिक पेशंट ॲडमिट होतात तिथे वॉर्डच्या आत, ऑफिसात नाही, वॉर्डच्या आत, मराठी, कोकणी, हिंदी आणि कन्नडमध्ये मोठ्या अक्षरांत हक्कांचा बोर्ड लावा. त्यावर मंडळाचा पत्ता आणि फोन घाला. त्याच्या खाली पेशंटला स्वतः लावता येईल असा फोन ठेवा. तक्रारीची पेटी ठेवा जिची चावी हॉस्पिटलकडे नसेल, मंडळाकडे असेल. ॲडमिट करताना हक्कांचा एक कागद पेशंटच्या हातात द्या, नातेवाईकाच्या नाही. आणि मंडळाने वर्षातून एकदा छापावं की किती अर्ज आले, किती निकाली काढले, बरे होऊनही किती लोक आत आहेत, त्यातल्या किती जणांना घर मिळालं. नावं नकोत, आकडे हवेत.

पंचायतींनी ग्रामसभेत एकदा हा विषय घ्यावा, आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांना बोलवावं. डीडीएसएसवाय या सरकारी आरोग्य विम्याचं कार्ड, दयानंद योजनेची पेन्शन यासाठी आपण ग्रामसभेत तास तास बोलतो, हेही त्यातलंच आहे.

आपल्या पेपराला विनंती की मंडळाचा पत्ता आणि प्रतिनिधी नेमायच्या कागदाचा नमुना एका चौकटीत छापावा, म्हणजे लोकांना कापून ठेवता येईल. आणि ज्यांच्या घरात असा पेशंट आहे त्यांनी, तो बरा असतानाच, त्याला शेजारी बसवून विचारा की तुझ्या वतीने कोण बोललेलं तुला चालेल. चतुर्थीला मुंबई-पुण्याची, परदेशातली भावंडं घरी येतात, तेव्हा सगळ्यांसमोर विचारलं तर उत्तम. तो ज्याचं नाव घेईल ते कदाचित तुम्हाला आवडणार नाही, तरी तेच लिहा, तारीख घाला, त्याची सही घ्या, आणि एक प्रत त्याच्या फाईलीत लावायला पुढच्या ओपीडीला घेऊन जा.

आपली,
एक बहीण, फोंडा
(नाव छापू नये)